वाजविणारा आणि शिकविणारा
(समाजाच्या पंचवटी येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



गेल्या सर्वसाधारण सभेत हिशेबाचे वाचन आटोपून चहा येण्याच्या बेतात असताना आपल्यापैकी एक गृहस्थ उठले आणि त्यांनी एक प्रश्न विचारला. त्यांच्या मुलाला संगीत हाच मुख्य विषय घेऊन पदवी संपादन करावयाची आहे, पुढे कोठेतरी संगीताचा प्राध्यापक व्हावयाचे आहे. आणि त्याला वाजवावयाचे आहे ते सनई नव्हे, मृदंग नव्हे, तर ट्रम्पेट. 'त्याला हो म्हणावे की नाही?' इतकाच तो प्रश्न होता. सभेत हशा पिकला. कोणी म्हणाले, गुरवाच्या पोराने वरातीच्या बँडात जायचे काय? कोणी म्हणाले, प्राध्यापक आणि बाजेवाला या दोन गोष्टी एका अंगरख्यात मावत नाहीत. ते गृहस्थ खाली बसले आणि चहा आला. त्या हशात आम्हीही सामील होतो, हे प्रथम कबूल करतो. घरी गेल्यावर मात्र चैन पडेना. कार्यकारी मंडळाने यंदाच्या संमेलनात बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही हाच विषय मागून घेतला.

या प्रश्नाला पंचवटीइतके योग्य स्थळ दुसरे नाही. वाजविणारा, गाणारा माणूस प्राध्यापक होऊ शकतो, ही गोष्ट ज्यांनी हिंदुस्थानाला पटवून दिली, ते पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर आपल्या आयुष्याच्या उत्तरकाळात येथेच, गोदेच्या काठी राहिले. त्यांचा रामनाम आधार आश्रम ज्या भूमीवर होता, तिच्यावरून आपण रोज जातो येतो.

पंडितजींचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाडास झाला. वडील कीर्तनकार. लहानपणी फटाक्याच्या दारूने डोळ्यांना इजा झाली आणि शाळेचे शिक्षण खुंटले. ज्याची नजर गेली त्याने काय करावे, तर गावे, असा त्या काळचा विचार. मिरजेच्या संस्थानिकांच्या आश्रयाने त्यांना बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ठेवण्यात आले. बुवांनी ग्वाल्हेरची गायकी मोठ्या हालअपेष्टा सोसून महाराष्ट्रात आणली होती. शिष्याकडूनही ते तितकेच कष्ट करवून घेत.

मिरजेतली एक हकीकत सांगतात. कोठल्याशा समारंभाला गावातील प्रतिष्ठितांना निमंत्रणे गेली, विष्णूलाही गेले. परंतु बाळकृष्णबुवांना गेले नाही. विचारता उत्तर मिळाले की, ते काय, गवई आहेत. हकीकतीचा तपशील कसाही असो, १८९६ साली मिरज सोडताना या तरुणाच्या मनात शल्य हेच होते, यात शंका नाही. गवयाला मानधन मिळे, शालजोडी मिळे, परंतु पंगतीत पाट मिळत नसे. आपल्या समाजाला हे दुःख समजावून सांगावे लागू नये. देवळाच्या नगारखान्यात पहाटे सनई वाजली नाही तर गावाचा दिवस उगवत नसे. आणि त्याच सनईवाल्याला गावच्या सभेत बसावयाचे झाल्यास जागा दाराजवळ.

पुढची हकीकत पुष्कळांना ठाऊक आहे म्हणून थोडक्यात सांगतो. ५ मे १९०१ रोजी पंडितजींनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले. कोणा राजाच्या पदरी न राहता लोकांच्या वर्गणीवर आणि विद्यार्थ्यांच्या फीवर चालणारी ही शाळा होती. वर्ग ठरलेले, वेळ ठरलेली, क्रमिक पुस्तके छापलेली. मुलींनाही प्रवेश होता. शिक्षक तयार करण्यासाठी निराळा उपदेशक वर्ग होता. त्यातील विद्यार्थी गुरूजवळ राहत, जेवत, आणि शिकून झाल्यावर शिकविण्याचे काम पत्करीत. १९०८ साली मुंबईत शाखा निघाली. स्वतःची इमारत हवी म्हणून पंडितजींनी कर्ज काढले, ते फिटले नाही, आणि १९२४ च्या सुमारास ती इमारत हातची गेली.

या हिशेबाकडे आपल्या तरुणांनी डोळेझाक करू नये. संगीताचे प्राध्यापकपद आज सातव्या वेतन आयोगाच्या कोष्टकात बसते. ज्याने ते निर्माण केले, त्याच्या वाट्याला जप्ती आली. नाशिकला ते आले, तेव्हा मुंबईची इमारत गेलेली किंवा जाण्याच्या वाटेवर होती. अपत्यांपैकी बहुतेक बालपणीच देवाघरी गेली होती. अंगावर भगवी वस्त्रे, मुखी रामनाम, असे त्यांचे दर्शन पंचवटीकरांना झाले. कित्येकांनी त्या वेळी म्हटले असेल की, हा माणूस संपला.

परंतु शिष्यांची यादी पाहावी. नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात संगीत शिकवीत होते आणि १९३० साली महात्माजींबरोबर दांडीपर्यंत चालत गेले. प्रोफेसर देवधरांनी मुंबईत शाळा काढली. विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यास गांधर्व महाविद्यालय काढले. नारायणराव व्यास दादरला स्थिर झाले. ओंकारनाथ ठाकूर काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात संगीताचे पहिले प्रमुख झाले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस पंडितजींचे देहावसान झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात शिष्यांनी अहमदाबादेस गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. आज गावोगावची मुले 'प्रवेशिका' आणि 'विशारद' या परीक्षांना बसतात त्या याच मंडळाच्या. चिरंजीव दत्तात्रेय वडील गेले तेव्हा दहा वर्षांचे होते. त्यांना या गुरुबंधूंनीच शिकविले. अवघ्या चौतिसाव्या वर्षी, १९५५ साली, तेही गेले. त्यांच्या ध्वनिमुद्रिका घरोघर आहेत.

येथे आम्हांस एका गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. ज्याची दृष्टी जवळजवळ गेली होती, त्या माणसाने आयुष्यभर ध्यास घेतला तो स्वर कागदावर लिहिण्याचा. त्यांची स्वरलिपी बारीक चिन्हांची आणि थोडी किचकट आहे. पंडित भातखंड्यांची सुटसुटीत पद्धती पुढे अधिक पसरली. तरी मूळ मुद्दा दोघांचा एकच. कागदावर उतरलेला स्वर कोणाच्या घराण्याची मिरास राहत नाही. त्या काळचे उस्ताद लिहू देत नसत, ते काही उगीच नव्हे.

आता ट्रम्पेटाकडे वळू. विष्णु दिगंबरांच्या शाळेत गळा होता, तबला होता, पेटी होती, सतार होती. फुंकून वाजवावयाची वाद्ये, ज्यांना शास्त्रात सुषिर वाद्ये म्हणतात, ती शाळेच्या आत उशिरा आणि संकोचाने आली. याचा दोष आम्ही त्या शाळांना देत नाही. सनई होती देवळात आणि लग्नमंडपात, ती होती आपल्यासारख्यांच्या घरात. आणि आपण ती कोणाच्या हाती देत नव्हतो.

ट्रम्पेट हे परके वाद्य आहे, असे सभेत म्हटले गेले. आपले शिंग आणि तुतारी त्याच्याच कुळातील नाहीत काय? तिन्ही वाद्यांत फुंकणाराचे ओठच पत्तीचे काम करतात. सनईप्रमाणे ताडाच्या पानाची पत्ती त्यांना लागत नाही. तुतारीला भोक नाही, कळ नाही. एका लांबीच्या नळीतून ओठ आवळून सैल करून जे निघतील तेवढेच स्वर निघतात: षड्ज, पंचम, वरचा षड्ज, त्यावरचा गंधार, पुन्हा पंचम. रणात इशारा द्यावयाला तेवढे पुरे. भूपाळी वाजवावयाला पुरे पडत नाहीत. युरोपातील तुतारीचीही शेकडो वर्षे हीच अडचण होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मन कारागिरांनी तिला कळा बसविल्या. आजच्या ट्रम्पेटाला तीन कळा असतात. पहिली दाबली की सूर पूर्ण स्वराने उतरतो, दुसरी दाबली की अर्ध्या स्वराने, तिसरी दाबली की दीड स्वराने. कळ दाबली म्हणजे नळीत आणखी एक नळी जोडली जाते. तिन्हींच्या मिळवणीने एकाच वाद्यात सात निरनिराळ्या लांबीच्या नळ्या तयार होतात आणि सर्व स्वर हाती येतात. मींड मात्र कळेने येत नाही. ती ओठांनी आणि श्वासाने काढावी लागते आणि ती काढणारा विरळा. म्हणजे परके काय आहे? तीन कळा. फुंकर आपलीच आहे.

कळांपेक्षा मोठा फरक दुसराच आहे. गोमंतकात पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडून पाठशाळा असत. तेथे 'मेस्त्र' गावच्या मुलांना स्वरवाचन शिकवी आणि मुलाच्या हाती व्हायोलिन नाही तर एखादे फुंकवाद्य देई. त्यामुळे खेड्यातला मुलगा मुंबईस आला तो कागदावरचे संगीत वाचणारा म्हणून आला. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ १९१६ साली जन्मले आणि 'चिक चॉकलेट' या नावाने मुंबईत ट्रम्पेटवादक म्हणून गाजले. लोक त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड ट्रम्पेट वाजवीत आणि चित्रपटांच्या गाण्यांची वाद्यरचना करीत; कोकणी चित्रपटाच्या आरंभकाळातील निर्माते म्हणूनही त्यांचे नाव आहे. मडगावच्या ख्रिस पेरींनी ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन हाती घेऊन कोकणी गाण्याला नवा साज चढविला. ही सारी मंडळी देवळातल्या नव्हे, तरी देवाच्या दारातल्याच शाळेतून आली होती. त्यांच्या देवाच्या दारात शाळा होती आणि आपल्या देवाच्या दारात नगारखाना होता, एवढाच भेद. नगारखान्यात वाजविणाऱ्याचा मुलगाच वाजवी.

आता गंमत पाहा. आपल्या गोदावरीच्या काठी, नाशिकच्या खाली पुणतांबे गाव आहे. तेथे १९१८ साली रामचंद्र चितळकर जन्मले, म्हणजे संगीत दिग्दर्शक सी. रामचंद्र. त्यांचे शिक्षण पुण्यास विनायकबुवा पटवर्धनांच्या गांधर्व महाविद्यालयात झाले. विनायकबुवा विष्णु दिगंबरांचे शिष्य, तेव्हा सी. रामचंद्र पंडितजींचे नातशिष्य ठरले. १९५१ साली भगवानदादांच्या 'अलबेला'ला त्यांनी संगीत दिले आणि त्यात त्यांचे सहायक होते चिक चॉकलेट. त्या चित्रपटातल्या गाण्यांत ट्रम्पेट जे ठणठणते, त्यात मिरजेची तालीम आणि हळदोण्याची पाठशाळा एकत्र झाली आहेत. पंडितजींना ते रुचले असते की नाही, हे सांगण्याचे धाडस आम्ही करीत नाही. त्यांनी रामनाम गाणाऱ्यांसाठी शाळा काढली होती, 'अलबेला'साठी नव्हे. परंतु शाळेचे दार एकदा उघडले की आत कोण येईल आणि बाहेर काय घेऊन जाईल, हे शाळा काढणाराच्या हाती राहत नाही.

सनईच्या बाबतीतही हेच दिसेल. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांच्या घराण्याची चाकरी राजद्वारी आणि देवद्वारी होती. काशी विश्वनाथाच्या मंदिरात त्यांचे मामा सनई वाजवीत. त्यांनी सनई मैफलीच्या बैठकीवर आणली, १९४७ च्या स्वातंत्र्याच्या सोहळ्यात ती दिल्लीस वाजविली, आणि २००१ साली त्यांना भारतरत्न मिळाले. २००६ साली ते गेले तो दिवस २१ ऑगस्टचाच होता, जो पंडितजींच्या पुण्यतिथीचा. महाराष्ट्रात पुण्याच्या शंकरराव गायकवाडांनी सनईला मान मिळवून दिला. मग आपल्या घरातल्या सनया कोठे गेल्या?

याचे उत्तर देण्यासाठी आमच्या घरचीच गोष्ट सांगणे भाग आहे. ती सांगावयाची की नाही, यावर आम्ही पुष्कळ विचार केला.

आमचे आजोबा महादेवाच्या देवळात पहाटेच्या काकड आरतीला सनई वाजवीत. संबळावर चुलते, सूर धरावयाला आमचे वडील. १९६० च्या आसपास, आम्ही लहान असताना, एक मुलगा रोज पहाटे देवळाच्या पायऱ्यांखाली येऊन उभा राही. तो आपल्या ज्ञातीचा नव्हता आणि त्याची वस्ती गावाच्या कोणत्या बाजूला होती, हे सर्वांना ठाऊक होते. एके दिवशी त्याने धीर करून आजोबांना विचारले, 'बाबा, मला शिकवाल का?' आजोबा दुष्ट नव्हते. त्यांनी त्याला प्रसादाचे खोबरे दिले आणि म्हणाले, 'पोरा, हे आमच्या घरातले आहे.' इतकेच. तो मुलगा पुढेही येत राहिला, पण प्रश्न पुन्हा विचारला नाही.

त्याच पंचवटीत २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दाराशी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला होता आणि तो काही वर्षे चालला. दादासाहेब गायकवाड आणि शेकडो माणसे बंद दारासमोर उभी राहिली. पंडितजींचा आश्रम तेव्हा येथेच होता. आम्ही शाळेत असताना हा इतिहास वाचला, त्याचा अभिमानही बाळगला. पण आमच्या पायऱ्यांखाली उभ्या असलेल्या मुलाचा आणि त्या इतिहासाचा काही संबंध असेल, असे आमच्या मनात आले नाही. आम्ही स्वतः दाराजवळ बसविले गेलेलो. त्यामुळे आपल्याही हाती एखादे दार असेल, हे आम्हांस सुचलेच नाही.

तो मुलगा लग्नाच्या बँडात लागला. प्रथम खुळखुळा हलविणे, मग बिगुल, आणि शेवटी ट्रम्पेट. आजोबा १९६८ साली वारले. वडिलांनी काही वर्षे सनई चालविली. पुढे त्यांना दम्याने गाठले. आम्ही नोकरीच्या मागे लागलो. चुलतभावाच्या लग्नात वरातीला बँड आला आणि सिनेमाची चार गाणी झाल्यावर, वरात देवळाजवळ येताच, ट्रम्पेटवाल्याने एकदम भूपाळीची चाल धरली. आजोबांची. आजोबा गंधारावर जरा थांबून मग पंचमाला जात. ते थांबणेसुद्धा जसेच्या तसे. मागचे ढोलकरी गोंधळून थबकले. वडील ओट्यावर बसले होते, ते उठून उभे राहिले. आमच्या घरात कोणालाही न आलेली गोष्ट पायऱ्यांखाली उभे राहून एकाने उचलली होती आणि तीन कळांच्या परक्या वाद्यावर इतकी वर्षे जपली होती. वडिलांनी त्याला पैसे देऊ केले, ते त्याने घेतले, कारण तो त्याचा धंदा होता. आणि नमस्कार करून तो वरातीबरोबर पुढे गेला.

सभेत विचारलेल्या प्रश्नाकडे परत येतो. प्राध्यापक आणि बाजेवाला हे एका अंगरख्यात मावतात काय? देवधरांच्या अंगी ते मावले, विनायकबुवांच्या अंगी मावले. ते बैठकीत गात आणि वर्गात शिकवीत. त्यासाठी दोन्हीकडची मेहनत करावी लागते. दिवसभर शिकविणाराचा रियाज मागे पडतो, आणि मैफलीत रमणाराचे वर्ग रिकामे राहतात. फुंकवाद्य वाजविणाराला तर ओठ आणि छाती रोज राबवावी लागतात. आठ दिवस वाद्य खाली ठेवले की ओठ ते सांगतात. पदवीमुळे नोकरी हमखास मिळेल, असेही आम्ही त्या गृहस्थांना सांगणार नाही. संगीताच्या जागा थोड्या, ट्रम्पेटासाठी त्याहून थोड्या. मुलाने पेटीवर राग शिकावा, आपली स्वरलिपी आणि पाश्चात्य स्वरलेखन दोन्ही वाचावयास शिकावे, म्हणजे शाळा, चित्रपट, पलटणीचा बँड अशी दोन-चार दारे त्याला उघडी राहतील. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात गुरूजवळ बसून शिकण्याची आणि पदवी घेण्याची सोय एकत्र आहे. तेथे एकदा जाऊन यावे. एवढे केल्यावर त्याला हो म्हणावे, असे आमचे मत आहे, आणि त्या दिवशीच्या हशाबद्दल त्या गृहस्थांची येथे, सर्वांसमक्ष, क्षमा मागतो.

आता कामाचे सांगतो. आजोबांची सनई आमच्या घरात आहे. शिसवी लाकूड शाबूत आहे, पितळी तोंड जरा चेपले आहे, पत्ती नवी करावी लागेल. ती आम्ही समाजाच्या कार्यालयात आणून ठेवली आहे. त्या वेळचा तो मुलगा आज पंच्याहत्तरीच्या पुढे आहे. बँड सोडून त्यांना पुष्कळ वर्षे झाली, पण फुंक अजून आहे. गेल्या महिन्यात आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो. आपल्या सभागृहात दर रविवारी सकाळी सनई आणि ट्रम्पेट शिकविण्याचे त्यांनी मान्य केले आहे. मानधन कार्यकारी मंडळ ठरवील. ज्यांना मुले किंवा मुली पाठवावयाची असतील, त्यांनी चिटणीसांकडे नावे द्यावीत. त्यांनी एकच अट घातली आहे. दाराशी येऊन उभे राहणारे मूल कोणाचे, हे विचारावयाचे नाही. मंडळाच्या वतीने ती आम्ही मान्य करून आलो आहोत.